घडीचा कंदील बोटीने निघाला

मी माल तपासते. बांबूचा. आमच्या केंद्रात बाया जे विणतात, बांधतात, ते हातात घ्यायचं, उलटंपालटं करायचं, नखाने खरवडायचं, हुंगायचं, कानाशी धरून हलवायचं आणि मग म्हणायचं, "चाललं," नाहीतर "परत." कानाशी कशाला, असं विचाराल. बांबूत भुंगा शिरला असेल तर आतून बारीक पीठ सळसळतं. डोळ्यांना दिसायच्या आधी ते कानाला कळतं.

या कामाला हुशारी लागत नाही हो, संशय लागतो. तो माझ्यात लहानपणापासून भरपूर. सासरी त्यापायी बोलणी खाल्ली, केंद्रात त्याचाच पगार मिळाला. दूध पातळ दिसलं की मी गवळ्याकडे बघते, आणि घट्ट दिसलं तर जास्तच बघते.

शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण खोक्यांवर झालं. खोक्यावर बाण काढलेला असतो ती बाजू वर, पेल्याचं चित्र असेल तर जपून, छत्रीचं असेल तर भिजू द्यायचं नाही. इंग्रजी अक्षरंही मी खोक्यांवरच लावायला शिकले. त्यामुळे मला इंग्रजीत "नाजूक" आणि "कोरडं ठेवा" वाचता येतं, पण "तुमची खुशाली कळवा" येत नाही.

राहायला मी जव्हारला, डेपोच्या मागच्या अंगाला. केंद्र तिकडे मोखाड्याच्या पलीकडे, सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यात. सकाळची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं, वर चढायचं. बांबू कापल्यावर औषधाच्या पाण्यात उकळून घ्यावा लागतो, नाहीतर भुंगा. हे काम उन्हाळ्याच्या आत उरकायचं, कारण उन्हाळ्यात तिथे प्यायला पाणी नसतं. एका वर्षी उशीर झाला. मी म्हटलं, टाकी भरा. बाया टँकरच्या रांगेतून हंडे घेऊन आल्या होत्या. एक म्हणाली, "माणसांना नाय पाणी आन बांबूला आंघोळ!" टाकी रिकामीच राहिली.

मध्यंतरी जव्हारला एका सभागृहात व्याख्यान होतं. आम्हा बचत गटाच्या बायांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. कोट घातलेले एक साहेब आले आणि पडद्यावर रंगीत बाण दाखवत म्हणाले की ज्या कंपन्या काहीतरी नवं करतात त्यांचाच माल परदेशी जातो. तेव्हा नवं करा, जग तुमचं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात टाळीला जाईना. मी तो वर केला.

"साहेब, नवं केलं म्हणून माल बाहेर जातो, की बाहेर गेला म्हणून नवं करावं लागतं?"

ते म्हणाले, "फार छान प्रश्न आहे, मावशी." आणि चहा आला.

छान प्रश्न म्हणणाऱ्या माणसाकडे उत्तर नसतं, असा माझा अनुभव. मग मी घरी येऊन माझं मीच उत्तर जुळवत बसले. त्याला दोन गोष्टी कामी आल्या. पहिली जुनी, ट्रेची; दुसरी त्या व्याख्यानानंतर घडलेली, कंदिलाची. ट्रेची आधी सांगते, ती छोटी आहे.

आमच्या बाया टोपली, सूप विणतात ते वितीने आणि बोटांनी मोजून. दोन वीत लांब, चार बोटं उंच. आईने असंच शिकवलं, आजीने असंच. गावात कुणाची तक्रार नाही, कारण सूप सुपात घालायचं नसतं. मग कुणीतरी बाहेरदेशी पाठवायला चहाचे ट्रे मागितले, एकात एक बसणारे. बायांनी मन लावून केले. मी प्रत्येक ट्रे तपासला, एकाला नाव ठेवायला जागा नव्हती. रचायला घेतले तर एकात दुसरा शिरेना! उंच बाईची वीत मोठी, बारक्या बाईची छोटी. सगळे ट्रे बरोबर आणि सगळे वेगवेगळे. गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर आम्ही सुताराकडून लाकडी साचा करून घेतला आणि वीत सुटली. ते आमचं नवं. पण ते आम्ही माल बाहेर जावा म्हणून शोधलं नव्हतं. माल परत आला म्हणून शोधलं. साहेबांच्या पडद्यावर हा बाण नव्हता.

आता कंदील.

नाशिकला केतनभाई म्हणून एक व्यापारी आहेत. हस्तकलेचा माल बाहेरदेशी धाडतात. गोड बोलतात, म्हणून मी त्यांच्याशी बोलताना पाठ भिंतीला लावून बसते. आमचे बांबूचे कंदील त्यांना आवडले, पण ते म्हणाले, "काकी, कंदील पोकळ आहे. खोक्यात दहा बसतात आणि बाकी हवा. बोटीचं भाडं मी हवेचं भरू का?" खरं होतं ते. मग त्यांनी ऋताला पाठवलं. शहरातली पोरगी, कपाळावर चष्मा चढवून फिरणारी. तिने कंदिलाच्या कामट्यांना असे काही दोऱ्याचे सांधे घातले की कंदील दाबला की चपटा, ओढला की उभा. खोक्यात हवा उरलीच नाही.

मला भरवसा वाटला नाही. मी तो कंदील उघडला, मिटला, उघडला, मिटला. दुपारभर. ऋता बघत बसली. शेवटी म्हणाली, "काकी, तुटला?"

"अजून नाही."

"मग आवडला म्हणा की!"

"तुटला नाही एवढंच म्हणते."

पण खरं सांगते, पोरगी शहाणी निघाली. त्या घडीमुळेच ऑर्डर आली. निम्मा माल आधी, निम्मा मागाहून, आणि पसंत पडला तर उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं काम.

उन्हाळ्यापर्यंत काम म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट कळणार नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भात कापून झालेलं असतं, घरचं धान्य पुरायचं नसतं. मुकादमाचा ट्रक येतो आणि अख्खी घरं उचलून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर नेतो. पोरंही जातात. शाळेचं वर्ष तिथेच संपतं.

सोमी दरवर्षी जायची. सोमी म्हणजे आमच्या केंद्राची सगळ्यात जलद बाई. जिभेनेही. तिच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. देवाला तू, मला तू, केतनभाईलाही तूच. तिची थोरली मुलगी यंदा पहिल्यांदा भट्टीच्या आधी वाचायला शिकली होती, आणि सोमीच्या डोक्यात बसलं होतं की हे वर्ष पोरीचं पुरं होऊ द्यायचं. दसऱ्याला मुकादम उचल द्यायला आला, तर तिने घेतली नाही. नवऱ्यालाही घेऊ दिली नाही. म्हणाली, "यंदा कंदील हाय." मुकादम हसला. "बरं. दिवाळीनंतर ट्रक येईल तेव्हा बघू, कंदील हाय का अंधार."

मला ते हसणं आवडलं नव्हतं.

दसऱ्यानंतर पहिला निम्मा माल निघाला, उरलेला महिनाभरात केतनभाईंच्या गोदामात जाऊन पडला. प्रत्येक कंदील माझ्या हाताखालून गेला. ओलावा मोजायचं यंत्र लावलं, सांधे ओढले, कानाशी हलवले. मी "चाललं" म्हटलं की सोमी आणि बाकीच्या बाया तो खोक्यात भरायच्या. टेम्पोच्या चाकाला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, झालं.

दिवाळी सरली आणि केतनभाईंचा फोन आला. गोडवा नव्हता आवाजात.

"काकी, माल तिकडे बंदरावर अडवला आहे. आत कच्चं धान्य सापडलं."

"कसलं धान्य?"

"तांदूळ. प्रत्येक कंदिलात. तिकडचे लोक विचारतात, हा दिवा आहे की बियाणं?"

एका क्षणात माझ्या डोक्यात सगळे उभे राहिले. पहिले केतनभाईच. भाव पाडायचा असला की व्यापारी मालात खोट काढतो, हे मी जन्मभर पाहिलं आहे. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या गटाने घातले असतील, आमची ऑर्डर पळवायला. मग ऋता. का, ते मला सांगता आलं नसतं, पण तिच्यावरही संशय घेतला. उंदरांवर मात्र घेतला नाही, कारण उंदीर प्रत्येक खोक्यात वाटणी करत बसत नाही.

मी सोमीला काही न सांगता नाशिकची एसटी धरली. त्र्यंबकच्या घाटात सगळा वेळ मनातल्या मनात केतनभाईंशी भांडत गेले. गोदामात उरलेला निम्मा माल रचलेला होता. मी म्हटलं, "माझ्यासमोर उघडा. खोकं मी निवडणार."

"निवडा."

मी सगळ्यात खालचं, मागचं, भिंतीला टेकलेलं काढायला लावलं. हमाल वैतागला. चिकटपट्टी आमचीच, तिरकी कापलेली. आमच्या बाया कोयत्याने कापतात, म्हणून तिरकी. पहिला कंदील उघडला आणि माझ्या मांडीवर चिमूटभर तांदूळ सांडले. तांबूस, हातसडीचे, नव्या भाताचे. काही दाण्यांना कुंकू चिकटलेलं.

केतनभाई माझ्याकडे बघत होते. "ओळखलं का काही?"

"बघते," म्हटलं आणि मूठ मिटली.

जन्मभर दुसऱ्यांच्या मालात खोट शोधली आणि त्या दिवशी एसटीत परत येताना एकच प्रार्थना करत होते, की ही खोट आमची नसावी. पण कुंकू लावून कुणी भाव पाडत नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. बाया कामट्या तासत होत्या. मी पदराच्या गाठीतून ते तांदूळ सुपात टाकले.

"हे कुणाचं काम?"

कोयते थांबले. सोमीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट थोडा अभिमानच.

"माजा. मी वटी भरली."

"कुणाची?"

"कंदिलाची! येवढ्या लांब चालली, दर्या पार करून. लेक सासरी धाडतो तवा पदरात नवा तांदूळ घालतो ना? मग हिला रिकामी धाडायची का?"

"अगं, पण प्रत्येक कंदिलात?"

"एकीची भरायची आन दुसरीची नाय? असा कसा चालंल?"

कोपऱ्यातून आणखी एकजण म्हणाली, "आमी समद्यांनी भरली, काकी. येकटी सोमीच नाय."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

आता मात्र सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सोमी म्हणाली, "तुला सांगितला असता तर तू येकेक दाणा हुंगत बसली असती. म्हनून तू चहा प्यायला गेली का भरायचो."

बघा. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि माझ्या पाठीमागे, माझ्याच चहाच्या वेळात, अख्ख्या केंद्राचा कट शिजत होता! कट तरी कसला, आशीर्वादाचा.

मग मी त्यांना समजावलं. कच्च्या दाण्यात किडा असतो, त्याची अंडी असतात. ती परक्या देशात सुटली तर त्यांची शेतं खातील, म्हणून ते घाबरतात. सोमीला लगेच पटलं. भाताला परक्या किडीने काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"मग आधी सांगायचा ना. औषध सांगितला, वलावा सांगितला, पोरांना कामापासून लांब ठेवा सांगितला. तांदूळ घालू नको असा कोन बोलला?"

कुणीच नाही. तिकडच्या माणसाला स्वप्नातही आलं नसणार की दिव्यात तांदूळ कुणी घालेल, आणि इकडे कुणाला वाटलं नाही की लेकीला रिकामी पाठवता येतं. घडी नवी, सांधा नवा, खोकं नवं. सगळं नवं शिकवलं आणि हे सांगायचं राहिलं.

"काकी, ट्रक कदी हाय ठाव ना?" सोमीने हळूच विचारलं. ट्रक आठवड्यात येणार होता. तिचं बोचकं बांधून तयार होतं, हे मला तिच्या मुलीकडून कळलं होतं. चुकून ऑर्डर गेलीच तर ट्रक चुकायला नको, म्हणून नवऱ्याने बांधलं होतं.

केतनभाईंना खरं सांगायचं की उंदरांवर ढकलायचं, याचा मी रात्रभर विचार करणार होते. सोमीने केला नाही. "लाव फोन," म्हणाली. पाड्यात फोन लागत नाही, टेकडीवर जावं लागतं. आम्ही दोघी वर गेलो आणि मी जे घडलं ते सांगून टाकलं.

मग केतनभाई ओरडलेच. "काकी! अरे ये तो सोना है! हे आधी का नाही सांगितलं? ही गोष्ट मी कार्डावर छापतो. प्रत्येक कंदिलासोबत एक कार्ड. तिकडचे लोक गोष्टीला जीव टाकतात. तांदूळ काढा, गोष्ट ठेवा. मी आजच बोलतो त्यांच्याशी. अडकलेल्या मालाला ते विषारी धुरी देतील आणि सोडतील, बघा तुम्ही!"

कालपर्यंत जी खोट होती ती आज सोनं. म्हटलं, "नको. ओटी विकायची नाही."

"काकी, विचार करा. गोष्ट असेल तर पुढची ऑर्डर टिकेल."

सोमीने माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, मी सोमी. वटी माजी हाय. तू छाप. पन आदी मना वाचून दाखव."

संध्याकाळी ऋता स्वतः केंद्रात आली, कार्डाचा मजकूर घेऊन. इंग्रजीत होता, तिने मराठीत वाचून दाखवला. "शतकानुशतके या डोंगरांतल्या आदिवासी स्त्रिया आपल्या प्रत्येक कंदिलाची ओटी भरत आल्या आहेत..."

"शतक म्हंजे?" सोमीने विचारलं.

"शंभर वर्षं."

सोमी आधी बघतच राहिली. मग हसू लागली, ती थांबेचना. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. "आगे माजे आये! कंदीलच तर औंदा जल्मला! माजी आजी तर कंदिलाला भूत समजून पळाली असती!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकीची ओटी जुनी, पण कंदिलाची ओटी भरायची हे सोमीलाच सुचलेलं, याच दसऱ्याला. आमच्या अख्ख्या केंद्रात खरोखर नवं काही कुणी केलं असेल तर ते हे. आणि केतनभाई तेच शंभर वर्षांचं म्हणून विकायला निघाले होते.

मी पुन्हा टेकडीवर गेले आणि केतनभाईंना फोन करून म्हटलं, "खरं ते छापा. सोमी नावाच्या बाईने यंदा पहिल्यांदा केलं, असं."

"काकी, नवं विकत नाही हो. जुनं विकतं."

"मग सभागृहातले साहेब म्हणत होते की नवं विकतं. तुम्ही दोघं आधी आपसात ठरवून घ्या."

त्यांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. "बघतो" हा शब्द मला पुरता ओळखीचा आहे. मी स्वतःच तो नाशिकच्या गोदामात वापरला होता.

ट्रक आला तो दिवस सांगते. सकाळपासून पाड्याच्या पायथ्याशी उभा. पाड्यातली तीन-चार घरं बोचकी घेऊन उतरत होती. सोमीचा नवरा अंगणात बोचक्यावर बसलेला, पोरगी दप्तर घेऊन शाळेत गेलेली. सोमी ना घरात ना बाहेर, उंबऱ्यावर. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवला आणि ओरडला, "काय गं, कंदील का अंधार?"

मी टेकडीवर होते. केतनभाईंचा फोन तेव्हाच लागला. म्हणाले, माल सुटला, तिकडचे राजी आहेत, उरलेल्या मालातले तांदूळ झटकून तोही धाडतो, पुढचं काम पक्कं. मी तिथूनच खाली हाक मारली. सोमी धावत वर आली, मागून नवरा.

"पक्का?" तिने विचारलं.

"ते म्हणतात पक्कं. थांब." मी फोनवर म्हटलं, "कार्डात काय छापलं?"

"तुम्ही सांगितलं तेच, काकी."

"फोटो पाठवा."

"काकी, विश्वास ठेवा ना..."

"फोटो."

फोटो यायला लागला, पण आमच्या टेकडीवर फोटो येतो तो वरून खाली, सावकाश, ओढ्याचं पाणी वैशाखात येतं तसा. मी सोमीला म्हटलं, "आत्ता काही ठरवू नकोस. मी वाचल्याशिवाय ऑर्डर आली असं धरायचं नाही. मुकादमाला म्हणावं, थांब."

सोमीने माझ्याकडे पाहिलं, खाली ट्रककडे पाहिलं. "तू तपास, काकी," म्हणाली. "तुजा कामच ते हाय." आणि ती उतरायला लागली. मला वाटलं, चालली ट्रककडे. हाक मारायला तोंड उघडलं, पण हातातला फोन हलवला तर फोटो थांबेल, म्हणून तशीच उभी राहिले.

ती ट्रककडे गेली नाही. अंगणात बसली आणि बोचक्याची गाठ सोडली. दातांनी सोडली, नवऱ्याने घट्ट मारली होती. आतून तवा काढला, पातेलं काढलं, पळी काढली, पोरीचा पेला काढला. एकेक करून सगळं घरात नेलं. मुकादमाने आणखी एकदा हॉर्न दिला आणि ट्रक वळवला.

फोटो पुरा आला तेव्हा मी तो अक्षर अक्षर लावून वाचला. सोमीचं नाव होतं. "यंदा" होतं, सालाच्या आकड्यात. बाकीच्या इंग्रजीचा भरवसा मी आजही देत नाही. पण मी अजून दुसऱ्याच ओळीवर होते, तोवर खाली सोमीच्या घराच्या कौलांतून चुलीचा धूर वर यायला लागला होता.